गुरुवारचा नेम

ती घटना मी विसरू म्हटलं तरी माझा उजवा हात विसरू देत नाही. त्या हाताने मी पोलीस ठाण्यात एका माणसाच्या कानाखाली मारली होती, त्याच्या मुलीसमोर. नोकरीत अशा चपराकी मी बऱ्याच दिल्या. नियमात बसत नाही हे माहीत असून दिल्या. बहुतेक आठवतही नाहीत. ही आठवते.

आधी माझं सांगते. मी मोठी अधिकारी नव्हते. नवरा हैदराबाद पोलिसात शिपाई होता, बंदोबस्तावर असताना अपघातात गेला. त्याच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. नियम सैल करून आधी पाणी भरायच्या कामावर ठेवलं, पुढे वर्दी दिली. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं मी ठाण्याच्या महिला मदत कक्षात होते. म्हणजे दारातच एक टेबल, दोन खुर्च्या, एक रजिस्टर आणि आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचं काम.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते मला मराठी वाचता येत होतं म्हणून. ठाण्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी दोन बायका आल्या. एक पंचेचाळिशीची, जामबागच्या बाजूला एका शाळेत शिकवणारी, मलकपेठला राहणारी. तिला सगळे टीचर म्हणत, मीही इथे तेच म्हणते. तिच्याबरोबर साठी उलटलेल्या एक बाई होत्या, चिक्कडपल्लीच्या. नवरा वकील होता, वारला होता. मुलगा दिवसभर नोकरीवर. त्यांना सगळे वहिनी म्हणत. मी पाणी द्यायच्या आत वहिनींनी पिशवीतून स्वतःची बाटली काढून तिला पाजलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. मला ते बरं वाटलं. ठाण्यात येणाऱ्या बाईबरोबर सहसा कोणी येत नाही.

टीचरने सांगितलं ते असं. शहरातल्या आठ-नऊ मराठी बायका रोज संध्याकाळी साडेपाचला आपापल्या घरून फोनवर, एका ॲपवर, एकत्र यायच्या आणि राजकारणावर बोलायच्या. सगळ्यांना दिसेल असं, थेट. कोणी मेथी निवडत, कोणी इस्त्री करत. नळाला पाणी का नाही, मतदार यादीतून नावं का गळतात, मत मागायला आलेला नंतर कुठे जातो. बोलायला सुरुवात टीचर करायची. वहिनी वयाने मोठ्या, त्या मधूनमधून बोलायच्या.

बघणारे खाली लिहीत. पाण्याचं बोललं की कोणी विचारी, ताई, कानातले कुठून घेतले. यादीचं बोललं की कोणी म्हणे, मेथी धुऊन घ्या हं. पुरुष येऊन सांगत, भांडी घासा. याची बायकांना सवय झाली होती. हसून पुढे जात.

मग ज्येष्ठात एक नवा माणूस आला. पुरुषाचं नाव, फोटोच्या जागी वाघ. आधी टीचरशी वाद घातला, मग शिव्या, मग धमक्या. शेवटी त्याने टीचरच्या शाळेला लिहिलं की असली बाई तुमच्या मुलांना काय शिकवणार. शाळेने तिला बोलावून महिनाअखेरची मुदत दिली: हे मिटवा, नाहीतर राजीनामा द्या. नवरा म्हणाला, बोलणं बंद कर. राजीनामा लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता. मला काढून दाखवला.

“मी बोलणं बंद केलं तर तो थांबेल ना, मावशी?”

“थांबेल,” मी म्हटलं. “मग दुसऱ्या बाईकडे जाईल.”

वहिनी म्हणाल्या, “हेच मी हिला सांगते. पण हिचा जीव जातोय त्याचं काय? सोडून दे म्हणावं.”

तक्रार घेतली, जनरल डायरीत नोंद झाली, गुन्हा दाखल झाला. तपास आमच्या सब-इन्स्पेक्टर मॅडमकडे आला. तरुण तेलुगू मुलगी, हुशार, पण मराठी अक्षर कळत नव्हतं. तिने सगळे संदेश तारीख-वेळेसह कागदावर काढून घेतले आणि मला म्हणाली, अम्मा, वाचून सांगा.

मी बोट ठेवून, मोठ्याने वाचते. शाळेत तसंच शिकवलं होतं. तीन दिवस मी त्या मुलीसमोर बसून ते वाचलं आणि तेलुगूत अर्थ सांगितला. दारूच्या अड्ड्यावर धाडी घातलेली बाई मी, पण दोन ठिकाणी माझी जीभ अडली. ते शब्द इथे लिहिणार नाही. एक मात्र सांगते, कारण त्याने आम्ही हाललो. एका संदेशात होतं: आज पिवळ्या काठाची साडी होती, थांब्यावर उतरून एकटीच गल्लीत वळलीस. टीचरला विचारलं. साडी तीच होती, आणि फोनवर बोलायला बसण्याआधी तिने ती बदललेली होती.

म्हणजे माणूस तिला बघत होता. निदान आम्ही तसं धरलं.

ज्या कंपनीचं ते ॲप, तिला मॅडमनी पत्र पाठवलं. उत्तराला किती दिवस लागतील याचा नेम नसतो. दरम्यान मला खबर मिळाली. वहिनी एकट्या ठाण्यात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, माझं नाव येऊ देऊ नका, पण टीचरच्या खालच्या मजल्यावर एक भाडेकरू आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. पाण्याच्या टाकीजवळ तो तिच्याशी राजकारणावरून जोरात भांडला होता. चार लोकांनी ऐकलं.

टीचरला विचारलं, तर ती म्हणाली, भांडण झालं होतं खरं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. मुलीला कॉलेजात सोडायला निघाला होता, तसाच स्कूटरवरून तिला घेऊन आला. मी त्याला समोर बसवून साडीचा संदेश वाचून दाखवला. तो माझ्याकडे बघून हसला.

“मराठी मेरेकु आतीच नै, अम्मा. क्या पढ रे तुमे?”

मला वाटलं, खेळवतोय. फोन आता कुठल्याही भाषेत लिहून देतो, असं मॅडमनीच सांगितलं होतं. साडीवाल्या ओळीचा राग तीन दिवस माझ्या अंगात होता. मी मारली.

त्याने हात वर केला नाही. मुलगी दारात उभी होती, तिच्याकडे बघितलं आणि मग मला म्हणाला, “झगडा करा मैं. टंकी के पास करा, सब सुने. मुंह पो बोलनेवाला छुपको नै लिखता, अम्मा.”

त्याचा फोन रीतसर जप्त करून, पाकिटात मोहोरबंद करून कपाटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी वाघाच्या फोटोवाल्या खात्यावरून टीचरला नवे चार संदेश आले. फोन आमच्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. दुसरा फोन असेल म्हणून मॅडमनी त्याच्या दुकानातला कॅमेरा तपासला. संदेशांच्या वेळी तो गिऱ्हाइकांसमोर उभा होता. सहा दिवसांनी फोन परत दिला. त्याने सही केली आणि माझ्याकडे न बघता गेला.

मग आम्ही त्या आठ-नऊ बायकांचे जबाब घ्यायचं ठरवलं. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं, असा कायदा आहे. तो मला आवडतो. ठाण्यात माणूस ठाण्यासारखं बोलतं. घरी गेलं की चूल दिसते, चपला दिसतात, कोण कोणाला दबून आहे ते दिसतं.

वहिनींकडे मी गेले तो गुरुवार होता. स्वच्छ घर. देव्हाऱ्यात समई, आणि देवांच्या बाजूला पितळी ताम्हनात त्यांचा मोबाइल ठेवलेला, वर तुळशीचं पान. मी विचारलं, हे काय नवीन?

“चातुर्मासाचा नेम,” त्या म्हणाल्या. “एकादशीपासून धरलाय. गुरुवारी फोनला हात लावायचा नाही. शुक्रवारी आंघोळ झाली की मगच. आमच्या सासूबाई गुरुवारी मौन धरायच्या. आता तोंडाचं मौन सोपं, बोटांचं कठीण.”

मी म्हटलं, हा नेम माझ्या सुनेला येऊन सांगा. दोघी हसलो. त्यांचा उपास होता. साबुदाण्याची खिचडी दिली, मी खाल्ली, चांगली झाली होती. जबाब लिहून घेतला. त्यात काही नव्हतं. जिना उतरताना मनात आलं, टीचरच्या नशिबाने अशी एक बाई तरी तिच्या पाठीशी आहे.

महिना संपायला आठ दिवस राहिले. कंपनीचं उत्तर नाही. मॅडम दुसऱ्या प्रकरणात गुंतल्या. माझ्यापुढे तो कागदांचा गठ्ठा. एवढ्या तारखा माझ्या डोक्यात राहत नाहीत. म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं आणि तांबड्या पेनने, एका संदेशाला एक टिकली, त्या-त्या दिवसाच्या चौकटीत लावत गेले. गस्तीच्या वहीत असंच करायचे मी. कोणत्या गल्लीत कोणत्या वारी चोरी होते ते त्यातून कळायचं.

दीड तास लागला. मान वर करून बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

ज्येष्ठात सगळे वार तांबडे होते, गुरुवारही. आषाढी एकादशीनंतर गुरुवारची उभी रांग कोरी. एकही टिकली नाही. आणि प्रत्येक शुक्रवारी सकाळी, नऊच्या सुमाराला, सात-सात, आठ-आठ टिकल्या दाटीने.

मग तोंडात त्या खिचडीची चव आली. उठून मागे गेले आणि चूळ भरली.

मॅडम आल्या तेव्हा कॅलेंडर तसंच पसरलेलं होतं. “इदेंटम्मा?” म्हणाल्या, हे काय करून ठेवलंत म्हणून. मी ताम्हन, तुळशीचं पान, नेम, सगळं सांगितलं. त्या हसल्या. पूजा करणारी सत्तरीकडे झुकलेली बाई, अम्मा, आणि हे शब्द? मी म्हटलं, मीही तेच म्हणते. माझंच खोटं ठरू दे. पण साडी आणि बसथांबा टीचर रोज कोणाला सांगायची ते तिला विचारा.

मॅडमनी तिथूनच फोन लावला. टीचर म्हणाली, कोणालाच नाही. मग म्हणाली, वहिनींना सांगायचे. गुरुवार सोडून रोज घरी पोचले की त्यांना फोन करायचे, त्या काळजी करतात म्हणून.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी साध्या साडीत चिक्कडपल्लीला गेलो. वहिनींनी दार उघडलं. केस ओले होते. बसा, चहा टाकते म्हणाल्या.

मी म्हटलं, “चहा नको. शुक्रवार आहे, वहिनी. फोन सुरू झाला ना?”

मला वाटलं, रडतील, ओरडतील, मुलाला फोन लावतील. आरोपी यांतलं काहीतरी करतोच. त्यांनी फोन आणून माझ्या हातात दिला आणि पाटावर बसल्या. मॅडमनी उघडून बघितला. वाघ तिथेच होता.

मी विचारलं, का.

“आधी मी माझ्या नावानं लिहिलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “टीचरचं मला पटत नव्हतं. तसं नीट लिहिलं, चार ओळी. पुरुष तुटून पडले. म्हातारे, भजन कर म्हणाले. आणखीही म्हणाले. या बायकांनी एका शब्दानं मला सोडवलं नाही. टीचरनंही नाही. मग मी पुरुषाचं नाव घेतलं, तेच लिहिलं. त्याच दिवशी लोक मला सर म्हणायला लागले.”

“आणि शिव्या?”

“तिथे तसंच बोलतात. साधं लिहिलं की कोणी वाचत नाही. एक शिवी घातली की पन्नास जण येतात. मी त्यांच्याच वाचून शिकले.”

“तिच्या साडीचं लिहिलंत. ती एकटी घराबाहेर पडेनाशी झाली. शाळेतली नोकरी जाते आहे तिची.”

“ती बोलणं थांबवत नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “मी काही तिला मारायला जाणार नव्हते.”

“गुरुवारी मात्र बंद?”

त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. “नेम देवाशी असतो, बाई. त्याचा याच्याशी काय संबंध?”

खुनाचे कबुलीजबाब मी ऐकले आहेत. त्या वाक्याने मला जसा धक्का बसला तसा त्यांतल्या कशानेही बसला नाही. ती बाई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. शेजारचे दोन पंच बोलावले, पंचनामा केला, फोन मोहोरबंद केला, नोटीस हातात दिली. सही करण्यापूर्वी त्यांनी चष्मा पुसला. पुढे कंपनीचं उत्तर आलं, तेही याच फोनवर बोट दाखवणारं.

टीचरला मी सांगितलं. ती म्हणाली, “मी रडायचे तेव्हा त्या मला फोनवर झोप येईपर्यंत रामरक्षा म्हणून दाखवायच्या.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका ठाण्यात आल्या, टीचरला मध्ये घेऊन. वहिनी वयस्कर आहेत, मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे, आपल्यातलंच आहे, चूक झाली, मिटवून टाका, असं सगळ्या म्हणाल्या. एकीने तर टीचरचा हात धरून पेन दिलं. खरं सांगते, मीही तडजोड लिहायला कोरा कागद काढून ठेवला होता. अशा प्रकरणांत शेवटी तसंच होतं आणि मला ते सोयीचं वाटत आलेलं होतं.

टीचर म्हणाली, “पुरुष निघाला असता तर तुम्ही मला हे सांगितलं असतं का?”

जिने तिचा हात धरला होता तिने तो सोडला. मी तो कागद परत खणात टाकला. तिने पुरवणी जबाब दिला, शेवटी सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वहिनींना त्या दिवशी शिव्या पडत होत्या तेव्हा मी काही बोलले नाही, हे खरं आहे. तेही लिहा.” मी लिहिलं. तिने पर्समधला राजीनामा काढला आणि फाडून माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला. आरोपी सापडल्याचं ठाण्याचं पत्र घेऊन शाळेत गेली. शाळेने तिला ठेवलं, कुरकुरत ठेवलं. खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही.

मी त्या दुकानदाराकडे गेले. वर्दीत गेले, कारण वर्दीत मारली होती. गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, माझी चूक झाली. त्याने स्टूल पुढे केला, चहा मागवला. मी प्यायला लागले तेव्हा म्हणाला, “चाय पियो अम्मा. माफी मेरी बेटी को बोलो. देखी तो उनो थी.” मी मुलीला भेटले. तिने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. बरोबर केलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? मी पोलिसात तीस वर्षं काढली. माणूस पाहिलं की ओळखते, असं मी नव्या पोरींना सांगायचे. घाण तोंडामागे मी कायम पुरुषाचा चेहरा शोधला, कारण बहुतेक वेळा तोच सापडला. जो तोंडावर भांडला त्याला मी मारलं. जिने पाणी पाजलं तिच्या हातचं खाल्लं. आणि जे बहुतेक वेळा खरं असतं तेवढ्यावर विसंबून मी हात उचलला. बाईला गप्प करायला बाईही पुरेशी असते, आणि ते करायला ती पुरुषाचं नाव घेते, कारण त्या नावाला मान आहे. हे मला त्या कॅलेंडरने सांगितलं, माझ्या अनुभवाने नाही.

पुढच्या सोमवारी साडेपाचला मॅडमनी फोन माझ्या टेबलावर उभा केला. टीचर तिच्या घरून पडद्यावर आली होती. बरोबर फक्त तिघी. खाली लोक लिहायला लागले. वहिनी कुठे आहेत? साडी छान आहे. भांडी घासली का?

टीचरने चष्मा लावून ते वाचलं. म्हणाली, “वहिनी नाहीत. साडी जुनी आहे. भांडी मिस्टर घासतायत. आता पाण्याचं बोलूया.”

नळाला आठ दिवस पाणी नाही, हे तिने हिंदीतही सांगितलं, तेवढ्यात तिच्या खिडकीखालून एक पुरुषी आवाज आला. मी तो लगेच ओळखला.

“गलत बोल रे तुमे, टीचरम्मा. परसों पानी आया था.”

फोन तसाच चालू ठेवून टीचर खिडकीशी गेली आणि वाकून म्हणाली, “कितनी देर आया? ऊपर आको बोलो, सब सुनेंगे.”

जिन्यावर चपलांचा आवाज ऐकू आला. मी खुर्ची जवळ ओढली.